कौलं परतायच्या आधी ये

ता. खानापूर, जि. बेळगाव
चैत्र वद्य द्वितीया

प्रिय भरमा,

तुझा परवाचा मेसेज तीनदा वाचला. मोबाइलवर उत्तर लिहायला बसलो, पण अंगठ्यानं लिहून संपेल असं हे नाही, म्हणून शाळेच्या वहीचे कागद काढलेत. निवांत बसून वाच.

तू लिहिलंस की ऑफिसमधल्या एकानं तुला व्हिडिओ दाखवला. 72 तास नुसत्या पाण्यावर राहिलं की ऑटोफेजी, म्हणजे पेशींची आतली साफसफाई, सुरू होते, मेंदूतला कचरा साफ होतो आणि म्हातारपणाचं विसरणं मागे फिरतं. आईला पुण्याला नेऊन तसं करावं का, असं तू विचारतोस. आईसाठी तुझा जीव किती तुटतो ते त्या मेसेजच्या प्रत्येक ओळीत दिसतं. पण करू नकोस. अजिबात करू नकोस. का, ते सांगायच्या आधी मला एक कबुली द्यायची आहे.

गेल्या आषाढीला तुला फोनवर मी सांगितलं होतं की मावशीला, म्हणजे तुझ्या आईला, जरा चक्कर आली, आता बरी आहे. तेवढंच नव्हतं ते. तिनं सकाळी साखर उतरवायची गोळी घेतली आणि दिवसभर निर्जळी धरली. संध्याकाळी दिवा लागला नाही म्हणून मी तुमच्या घरी डोकावलो. मावशी गोठ्यात खांबाला धरून उभी. लुगडं घामानं चिंब, हात थरथरतायत, आणि मला म्हणते, "शिवा, म्हस बांधलास काय गा?" शिवामामाला जाऊन किती वर्षं झाली ते तुला माहीत आहे, आणि म्हैस तर तू पुण्याला गेलास त्याच वर्षी विकली. आशाताई मशीन घेऊन धावत आल्या. साखर 48. गिळता येत होतं हे नशीब. साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं. पंधरा-वीस मिनिटांनी तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "परशा, तू कवा आलास?" त्या पंधरा मिनिटांत मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो इतका घाबरलो. डॉक्टरांकडं नेलं तेव्हा ते म्हणाले, ही गोळी पोटात असताना उपाशी राहिली तर साखर अशीच कोसळणार, आणि या वयात तसं पुनःपुन्हा झालं तर मेंदूलाच इजा. मावशीनं मला शपथ घातली, भरमाला सांगू नको, तो काम सोडून येईल. मी शपथ पाळली. आज मोडतोय.

आता ऑटोफेजीबद्दल. तुझ्या मित्रानं सांगितलं त्याचं मूळ खोटं नाही, उलट फार सुंदर आहे. दहावीच्या पोरांना पेशी शिकवताना मी दरवर्षी यावर एक तास जास्त घालवतो, अभ्यासक्रमात नसलं तरी.

तुमचं घर आठव. तुझ्या आज्ज्यानं खानापूरच्या मातीची कौलं घातली होती. आपल्याकडचा पाऊस कसा पडतो ते तुला सांगायला नको. तिकडं कणकुंबीला मलप्रभा उगम पावते तिथपासून इकडंपर्यंत आभाळ चार महिने उघडत नाही. अशा पावसात ते छप्पर टिकलं ते दर उन्हाळ्यात कुणीतरी कौलं परतली म्हणून. सगळी खाली काढायची, पालापाचोळा झाडायचा, कुजलेली रीप बदलायची, फुटकं कौल बाजूला, धडकं पुन्हा वर. फुटक्याचंही काही वाया जात नाही. ते कुटून न्हाणीच्या दारात चिखलावर पसरतात. घर तेच राहतं आणि दरवर्षी थोडं नवं होतं.

पेशी हेच करते, आणि उन्हाळ्याची वाट न बघता रोज करते. आत जुनी झालेली प्रथिनं असतात, बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची वीजघरं, असतात. त्यांच्याभोवती दुहेरी पडद्याची एक पिशवी विणली जाते. ती पिशवी लायसोसोमला जाऊन मिळते, तिथं आम्ल आणि पाचकरस त्या मालाचे तुकडे करतात, आणि ते तुकडे पेशी पुन्हा नव्या बांधकामाला वापरते. लायसोसोम 1955 साली ख्रिस्तियान डी डुव्ह या बेल्जियन शास्त्रज्ञानं दाखवला आणि 1963 मध्ये या सगळ्या प्रकाराला ऑटोफेजी हे नाव त्यानंच दिलं. ग्रीक शब्द आहे, अर्थ 'स्वतःला खाणं'. मला विचारशील तर नाव चुकलं. यात खाण्यापेक्षा डागडुजी जास्त आहे.

नाव पडलं, पण हे काम कोणती जनुकं करतात ते पुढं तीस वर्षं कळेना. जपानमध्ये योशिनोरी ओसुमी म्हणून एक माणूस. 1988 मध्ये वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्याला टोकियो विद्यापीठात स्वतःची छोटी प्रयोगशाळा मिळाली. त्यानं धरलं यीस्ट, पाव फुगवणारं साधं यीस्ट. त्यातलं पचनाचं काम बंद पाडलं आणि मग त्याला उपाशी ठेवलं. पिशव्या तयार होत राहिल्या, पण पचत नसल्यानं साठत गेल्या, आणि काही तासांत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या डोळ्यांना दिसायला लागल्या. तुंबवल्याशिवाय गटार दिसत नाही, तसंच. 1993 पर्यंत त्याच्या गटानं या कामाला लागणारी 15 जनुकं हेरली. 2016 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला एकट्याला मिळालं. मी त्या दिवशी वर्गात पेढे वाटले होते. पोरांना वाटलं माझ्या घरी काही शुभ घडलं.

पण मला तुला सांगायचंय ते माणसातल्या जनुकाबद्दल. त्याचं नाव बीईसीएन-1, ते सतराव्या गुणसूत्रावर असतं, आणि त्यावरून जे प्रथिन तयार होतं ते बेक्लिन-1. फक्त 450 अमिनो आम्लांची माळ. ते सापडलं अमेरिकेत बेथ लेव्हाइन या डॉक्टरबाईंच्या प्रयोगशाळेत. त्या संसर्गजन्य रोगांच्या डॉक्टर. उंदरांच्या मेंदूला विषाणूनं सूज येते तेव्हा बीसीएल-2 नावाचं प्रथिन चेतापेशींना मरू देत नाही, हे ठाऊक होतं. हे बीसीएल-2 आणखी कुणाचा हात धरून असतं, ते शोधताना बेक्लिन हाती लागलं. ते साल 1998. पुढच्याच वर्षी कळलं की यीस्टमधल्या त्या जनुकांपैकी एक याचंच भावंड आहे. ज्या यीस्टचं ते जनुक बिघडवलं होतं त्यात माणसाचं बेक्लिन घातलं, आणि यीस्टची ऑटोफेजी पुन्हा चालू झाली! भरमा, यीस्ट आणि माणूस वेगळे होऊन शंभर कोटीहून जास्त वर्षं झाली असतील, आणि तरी एकाचा कामगार दुसऱ्याच्या घरी जाऊन तेच काम करतो. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो.

बेक्लिनचं काम मुकादमाचं. पिशवी कुठं विणायची ती जागा ठरली की ते आणखी तीन-चार प्रथिनांना एकत्र आणतं आणि तिथल्या पडद्यावर एक खास मेद तयार करवतं. त्या खुणेवर बाकीचे येऊन लागतात. एरवी बीसीएल-2 त्याला धरून ठेवतं. पेशी उपाशी पडली की तो हात सुटतो आणि मुकादम कामाला लागतो. व्हिडिओवाल्यांनी एवढंच उचललंय: उपास धरा, हात सोडवा.

पण 2012 मध्ये लेव्हाइनबाईंच्याच गटानं दाखवलं की उंदीर फिरत्या पट्ट्यावर पळाला तरी त्याच्या स्नायूंत हा हात सुटतो. चालण्या-पळण्यानंही. हे त्या व्हिडिओत होतं का? मला वाटत नाही. चालायला-पळायला पैसे पडत नाहीत आणि त्याचा चमत्कारही विकता येत नाही.

म्हातारपणाशी याचा संबंध आहे, खराच आहे. एक मिलिमीटरची एक जंतासारखी अळी असते, दोन-तीन आठवडे जगते. तिच्या एका जनुकात बदल केला की ती दुपटीनं जगते. 2003 मध्ये कळलं की तिचं बेक्लिन बंद केलं तर हे वाढीव आयुष्य मिळत नाही. 2008 मध्ये अल्झायमरनं गेलेल्या माणसांच्या मेंदूत बेक्लिन कमी झालेलं आढळलं, आणि उंदरांत ते मुद्दाम कमी केलं तेव्हा मेंदूत अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचा साठा वाढला. चेतापेशी आयुष्यभर विभागत नाहीत. कातडीसारखी नवी पेशी येऊन जुनीला बाजूला सारत नाही. म्हणून तिथं कौलं परतणं थांबलं तर गळती लगेच लागते. 2018 मध्ये उंदराच्या बेक्लिनच्या साखळीतलं 121 व्या जागचं एकच अमिनो आम्ल बदललं, म्हणजे बीसीएल-2 ची पकड सैल पडेल असं. ते उंदीर जास्त जगले. म्हातारपणी त्यांची हृदयं आणि मूत्रपिंडं कमी बिघडली, गाठीही कमी झाल्या.

हे वाचून तुझं मन उसळेल, माझंही उसळलं होतं. पण नीट बघ. त्या उंदरांत तो बदल गर्भापासून होता, प्रत्येक पेशीत होता, रोज थोडा-थोडा काम करत होता. त्यांना म्हातारपणी तीन दिवस उपाशी ठेवलेलं नव्हतं. आणि उंदराचा एक दिवसाचा उपास म्हणजे आपला एक दिवस नव्हे. त्या इवल्याशा जिवाचं वजन चोवीस तासांत बरंच उतरतं. जिवंत माणसाच्या मेंदूत ऑटोफेजी किती चालली आहे ते मोजायचं यंत्र दवाखान्यात नाही. त्यामुळं सोळाव्या तासाला सुरू होते, बहात्तराव्याला कळस गाठते, असं जो घड्याळ लावून सांगतो तो माणसांत मोजून सांगत नाही. शिवाय जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. कर्करोगाची पेशीसुद्धा हीच युक्ती वापरून उपासमारीत तग धरते. आणि बेक्लिन मुळीच नसेल तर उंदराचं पिल्लू गर्भातच जातं. इतकं नाजूक माप आहे याचं, आणि ते आपण मावशीवर पाण्याच्या तांब्यानं जुळवायला निघालो?

बेथ लेव्हाइन 2020 च्या जूनमध्ये गेल्या, साठाव्या वर्षी. स्तनाच्या कर्करोगानं. बेक्लिन पेशीत घातलं की स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावते, हे त्यांनीच 1999 मध्ये दाखवलं होतं. या गोष्टीतून मी काही अर्थ काढत नाही. त्या बाईंनी वीस वर्षं ज्या दाराशी घालवली ते दार त्यांच्यासाठी वेळेत उघडलं नाही, एवढं मात्र मनातून जात नाही.

आता मावशीच्या विसरण्याबद्दल, कारण खरी काळजी तीच आहे.

गेल्या महिन्यात तू पाठवलेल्या पैशांतून तिला बेळगावला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. तिथं स्मरणशक्तीची चाचणी घेतली. घेणारा पोरगा सालस होता, हसून बोलत होता, पण प्रश्न कन्नडमधून. मावशीचं कन्नड बाजारापुरतं: किती, कमी कर, पिशवी दे. आज वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात वजा करत जा, तीन शब्द लक्षात ठेव. ती माझ्याकडं बघत राहिली. मी मराठीतून सांगू लागलो तर तो म्हणाला, सर, मदत करू नका, मार्क चुकतील. कमी मार्क पडले आणि कागदावर इंग्रजीत जे लिहून आलं त्याचा फोटो तू पाहिलास, तिथूनच ही तुझी धावपळ सुरू झाली. बाहेर कट्ट्यावर चहा पाजला आणि मी तेच प्रश्न आपल्या भाषेत विचारले. वार सांगितला नाही तिनं, पण म्हणाली, "परवा एकादस झाली न्हवं, म्हंजे आज तेरस." बरोबर होतं. तीन शब्द दिले: विळा, तुळस, घागर. पाच मिनिटांनी दोन सांगितले, घागर विसरली. वजाबाकी सातानं जमली नाही, पण शंभर रुपयांतून सात-सात रुपयांची केळी घेतली तर काय उरलं, हे चार पायऱ्या नीट सांगितलं.

म्हणजे विसरणं नाही असं मी म्हणत नाही. आहे. चूल पेटती ठेवून जाते, माझ्या धाकट्याचं नाव दर वेळी विचारते, एकाच दिवशी दोनदा गोळी घेतली होती म्हणून आता गोळ्या मी माझ्याकडं ठेवतो. पण त्या कागदावर लिहिलंय तितकं नाही. मराठी येणाऱ्या डॉक्टरांकडून चाचणी पुन्हा करून घ्यायची आहे. त्याआधी थायरॉइड आणि बी-12 तपासायला सांगितलंय, कारण त्यांच्या कमतरतेनंही विसरायला होतं आणि ते औषधानं सुधारतं. साखर वरचेवर उतरणं हेही एक कारण असेल. ती गोळी डॉक्टरांनी बदलून दिली आहे.

एकादशी सोड असं मी तिला म्हणणार नाही. चाळीस वर्षांचं व्रत आहे, ते तिच्या अंगाचा भाग झालंय. निर्जळी मात्र सुटली. माळकरी बुवांनी स्वतः येऊन समजावलं, देवाला उपाशी म्हातारी नको आहे म्हणून. आता ती एकादशीला सकाळी उकडलेलं रताळं खाते, दुपारी वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी. रताळी मी बेळगावच्या मार्केटमधून आणतो. रोज सकाळ-संध्याकाळ माझी बायको तिला मारुतीच्या देवळापर्यंत चालत नेते, जाऊन-येऊन तासभर. पहिले आठ दिवस कुरकुरली, आता चप्पल घालून दारात उभी असते. बेक्लिनचा हात सुटतो की नाही ते मला दिसत नाही. ती वाटेत भेटेल त्याच्याशी बोलते, झोप लागते, जेवण जातं, हे दिसतं.

आणि एक सांगायचं राहिलं, खरं तर त्यासाठीच कागद घेतले होते.

गेल्या रविवारी तुमच्या गोठ्याच्या बाजूची कौलं उतरवली. दोघं गडी वर, मी शिडीवर, आणि मावशी अंगणात गोणपाट टाकून बसली. मी म्हटलं, मावशी, सावलीत बस. ऐकलं नाही. प्रत्येक कौल मांडीवर घ्यायची, पदरानं पुसायची आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरानं मधोमध टिचकी मारायची. कान जवळ नेऊन ऐकायची. खण् वाजलं की उजवीकडं. बद वाजलं की डावीकडं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसत होती, मला तरी. डावीकडचं एक मी उन्हात धरलं तेव्हा कुठं केसासारखी चीर दिसली. दुपारपर्यंत तिनं तीनशेवर कौलं वाजवली. मध्येच मला विचारलं, "तू कुणाचा रे?" मी म्हटलं, परशा. "व्हय की," म्हणाली आणि पुढचं कौल उचललं. हात थांबला नाही, चूक झाली नाही. मी संध्याकाळी उजवीकडचा ढीग पुन्हा तपासला. एकही फुटकं नव्हतं.

पेशीतही असंच होतं रे. बिघडलेल्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाची खूण चिकटवली जाते, आणि ती खूण ओळखणारं दुसरं प्रथिन ते पिशवीपर्यंत नेऊन पोचवतं. निवडून, एकेक. मी वर्गात हे दहा वर्षं फळ्यावर काढतोय. आता पोरांना अंगणात आणून मावशीसमोर बसवणार आहे.

घराची मोठी बाजू अजून राहिली आहे. वळीव मेच्या दुसऱ्या आठवड्यात गाठतो, त्याआधी उरकायला हवं. या मापाची दीडशेएक कौलं कमी पडतायत. नंदगडच्या एका पडक्या घराची निघणार आहेत असं कळलंय, टेम्पो सांगून ठेवलाय. तू शुक्रवारी रात्रीची गाडी धर. सकाळी खानापूर स्टँडवर मी असेन. चाचणीचा कागद, तिच्या जुन्या सगळ्या रिपोर्टांची फाइल आणि तुझं जुनं धोतर घेऊन ये, वर चढताना डोक्याला बांधायला लागतं. मावशीला अजून सांगितलेलं नाही. तू आलास की तुला कोण म्हणून हाक मारते ते बघू. शिवा म्हणाली तरी ओ दे.

तुझा,
परशा